न सांगता ओतलेलं पेट्रोल

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करू नका. एखाद्याचं भलं करायचं. मनापासून करायचं! पण त्याला न विचारता, न सांगता करायचं. तर ते पुण्य की पाप? ते बघा, पुढच्या रांगेतल्या काकांनी मान हलवली. "पुण्य!" म्हणताहेत. बरं! ऐका तर मग.

आख्यान आहे एका शर्यतीच्या गाडीचं. हो, मोटारगाडीचं! रथ म्हटलं की तुम्ही हात जोडता आणि मोटार म्हटलं की हसता. का हो? चाकं तर तिलाही आहेत!

कोल्हापूरकडचे हिंदुराव मेस्त्री. वय साठीचं. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधण्यात तीस वर्षं घातलेली. त्यांचा जोडीदार बाळकृष्ण वारला तेव्हा त्याची पोर शर्वरी अकरा वर्षांची होती. मेस्त्रींनी तिला गॅरेजातच वाढवली म्हणा ना! पोर इंजिनिअर झाली, आणि गाडीही तीच पळवायला लागली. दोघांची एक रीत होती. शर्यत सुटायच्या आधी मेस्त्री आपल्या हातानं तिचे पट्टे आवळायचे, दार लावायचे, आणि टपावर तळवा आपटायचे — धप्प! म्हणजे, पोरी, सगळं ठीक आहे, जा. ते धप्प ऐकल्याशिवाय शर्वरीनं कधी क्लच सोडला नाही.

आता भांडण कशाचं? तर इंधनाचं! मेस्त्री शर्यतीच्या पेट्रोलचे भक्त. ते पत्र्याच्या सीलबंद डब्यात येतं, साध्या पंपावर मिळत नाही. डबा उघडला की मेस्त्री डोळे मिटून वास घ्यायचे, आपण बासुंदीचा घेतो तसा. आणि शर्वरीनं ठरवलं — इथेनॉल वापरायचं! शंभरात पंच्याऐंशी भाग इथेनॉल, बाकीचं पेट्रोल. इथेनॉल म्हणजे काय? ऊस, मंडळी! तुमच्या-आमच्या रानातला.

"दारू माणसानं पिऊ न्हाई, अन् गाडीनं बी पिऊ न्हाई," मेस्त्री म्हणाले.

"काका, ते इंजिन आतून गार ठेवतं. गार राहिलं की जोर जास्त काढता येतो. फक्त पेट्रोलपेक्षा जास्त लागतं."

"तेच म्हंतोय मी! ज्याला लागली, त्याला जास्तच लागती!"

हसा, हसा! पण पोरीचं बरोबर होतं. तिनं गाडीच्या कॉम्प्युटरची सगळी मांडणी त्या इंधनासाठी बदलली. किती फवारायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं. दोन वर्षं घासली. आणि मोसमातली शेवटची शर्यत आली, घाटातली. तिथं एकेक गाडी सोडतात, कमी वेळात जी वर पोचेल ती जिंकली. नंबर पुकारला की लाइनीवर जायचं, चुकलात की बाद. ही एक फेरी मारली असती तर मोसमाची ढाल शर्वरीची होती.

पण त्या घाटाच्या चौथ्या वळणाला कठडा नाही. आदल्या वर्षी एका गाडीचं इंजिन तिथं फुटलं, तिचंच ऑइल तिच्याच चाकांखाली आलं, आणि गाडी दरीकडे घसरली. झाडात अडकली म्हणून माणूस वाचला. मेस्त्रींनी ते स्वतः पाहिलं होतं.

सकाळी घाटात गारठा. इथेनॉल गारठ्यात लवकर पेट घेत नाही. गाडी खोकली. पुन्हा खोकली. तिसऱ्यांदा सुरू झाली. "गरम झाली की ठीक होईल," असं म्हणून शर्वरी ड्रायव्हरांच्या मीटिंगला गेली. इकडे मेस्त्री गाडीभोवती फेऱ्या घालायला लागले. चौथ्या वळणावर खोकली तर? तिथं बंद पडली तर? बाळकृष्णाला वर गेल्यावर काय तोंड दाखवू?

काय केलं त्यांनी? सामानातून पेट्रोलचा सीलबंद डबा काढला. तो कशाला आणला होता ते विचारू नका! टाकीत दहा लिटर इथेनॉल होतं, त्यात सात लिटर पेट्रोल ओतलं. 'वरणावर तूप वाढलं,' मनात म्हणाले, 'चांगल्यात चांगलंच घातलं की.' आणि रिकामा डबा गोणपाटाखाली सरकवला.

थांबा, मंडळी. भलं केलं होतं ना? मग डबा लपवला कशाला?

शर्वरी आली ती हसतच. "काका, एक गंमत सांगू? काल ठिणगी अजून लवकर पाडायला लावली. पार टोकाला! टाकीत पंच्याऐंशी आहे म्हणून चालतंय. साठ जरी असतं ना, तर वरच्या चढाला पिस्टनचे तुकडे झाले असते." आणि हेल्मेट आणायला गेली.

मेस्त्री जागच्या जागी उभे. शर्वरीची तपासायची काचेची नळी त्यांनी उचलली. त्या नळीत इंधन घ्यायचं, थोडं पाणी घालून हलवायचं, की इथेनॉल पाण्याशी जाऊन खाली बसतं. मग रेघ वाचायची. त्यांनी टाकीतलं थोडं काढलं, पाणी घातलं, हलवलं. रेघ वाचली. पन्नास.

आता मला सांगा, सांगायला किती वेळ लागतो? एक वाक्य! पण टाकी उपसून पुन्हा भरायला लागतो अर्धा तास, आणि शर्वरीच्या पुढे राहिल्या होत्या चार गाड्या. सांगितलं तर पोर बाद. दोन वर्षं मातीत. आणि सांगायचं तरी काय? की माझा तुझ्यावर विश्वास नव्हता? मग मन सुरू झालं. 'काय होत न्हाई. पेट्रोल बी शर्यतीचंच हाय. चार मिनिटांचा तर घाट.' ओळखलात का हा आवाज? डॉक्टरांनी बोलावलेल्या दिवशी तुमच्या-माझ्या मनात बोलतो ना, तोच!

तीन गाड्या राहिल्या. दोन. एक. शर्वरीचा नंबर पुकारला. गाडी लाइनीवर आली.

मेस्त्रींनी पट्टे आवळले. खांद्याचा डावा, उजवा, मग कमरेचे.

"काका, घट्ट झालंय. श्वास घेऊ द्या की!"

मेस्त्रींनी दार लावलं. समोरचा दिवा हिरवा झाला. आता दहा सेकंदांत गाडी सुटली पाहिजे. शर्वरी क्लच दाबून बसली आहे, कान टपाकडे. मेस्त्रींचा हात वर गेला... आणि वरच राहिला.

एक, दोन, तीन... "अरे सोडा गाडी!" पंच ओरडला. पाच... सहा... शर्वरीनं मान वळवली. काचेतून तिला मेस्त्रींचं तोंड दिसलं. तिच्या वडिलांना खांदा देताना त्यांचं तोंड असंच झालं होतं.

आठ. नऊ. दहा. दिवा लाल.

तिनं इंजिन बंद केलं. "काय झालं, काका?"

"पेट्रोल वतलं मी. सात लिटर. तुला न सांगता." आणि हा साठीचा माणूस चारशे लोकांसमोर रडायला लागला.

शर्वरी ओरडली का? नाही. ती उतरली, हेल्मेट काढलं, आणि म्हणाली, "भीती वाटली तर मला सांगायचं होतं ना. दोघं मिळून घाबरलो असतो. तुम्ही एकटेच घाबरलात, आणि मला आत बसवलंत."

पुढे? ढाल दुसऱ्याला गेली. आता तुम्हाला वाटतंय, महाराज सांगणार, इंजिन उघडलं आणि आत ही एवढी चीर सापडली! नाही सापडली हो! गाडी पळालीच नाही, तर चीर येईल कुठून? कदाचित फुटलीही नसती. कदाचित पोर जिंकली असती! मेस्त्रींना ते कधीच कळणार नाही. शर्वरी दोन महिने गॅरेजकडे फिरकली नाही. तेवढे दिवस त्या माणसाला जेवण गेलं नाही.

तर पुढच्या रांगेतले काका, पुण्य की पाप? आता का मान खाली?

आणि काकांना एकट्याला कशाला धरू? आईला तिचा रिपोर्ट न दाखवता "काही नाही गं, गॅस आहे" कोण म्हणालं? मुलीला आलेलं नोकरीचं पत्र, लांबचं गाव म्हणून, कपाटात कोणी ठेवलं? मुलाच्या फॉर्मवर परस्पर कॉलेज कोणी बदललं? सगळं प्रेमानंच हो! ज्याचं भलं केलंत तो तिकडे घाट चढतोय, आणि टाकीत काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत!

टाळकरी, जरा थांबा. कीर्तनात मोबाइल दिसला की मी किती चिडतो, ते साऱ्या गावाला ठाऊक आहे. आज नाही चिडणार. आत्ता ज्याचं नाव तुमच्या मनात आलं ना — उठा, मंडपाबाहेर जा, आणि त्याला फोन लावा. भजन तुम्ही परत आल्यावर सुरू करू.