पावणेदोन व्होल्टची भानगड

...आणि वर लोक मलाच विचारतात, साधी दाराची बेल ती, एवढा काय घोळ घातलास? साधी? अहो, पावणेदोन व्होल्टसाठी माणूस वेडा होतो, तुम्हाला सांगतो!

म्हणजे झालं काय, आमच्या बाबांना आता ऐकू येत नाही. खालच्या मजल्यावर एकटे राहतात. कानातलं मशीन कानात सोडून सगळीकडे असतं. मागच्या खेपेला ताई आली, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं बिचारीचं, आणि बाबा आत निवांत पेपर वाचतायत. ताई माझी थोरली बहीण, तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. बाबांच्या कानाशी ओरडून म्हणाली, "पुढच्या वेळी दार उघडलं नाही ना, तर यांना मी माझ्याकडे घेऊन जाणार." बाबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांना ती खोली काही सोडायची नाही.

म्हटलं, बेल दाबली की छतावर दिव्यांची पट्टी उजळेल असं काहीतरी करू. बेलवर लक्ष ठेवणारा छोटा बोर्ड आणला, पट्टी आणली, जोडली. टेबलावर, वीतभर वायरीवर, लख्ख. बाबांच्या खोलीत दारापासून छतापर्यंत लांब वायर ओढली... ठार बंद. का? तर बोर्ड बोलतो सव्वातीन व्होल्टमध्ये आणि पट्टीला पाचाखालचं नीट कळत नाही. तिला वाटतं, कुणी काही बोललंच नाही. घरात एक बहिरा होता, आता दोन झाले. आणि तेही पावणेदोन व्होल्टसाठी!

मध्ये लेव्हल शिफ्टर लावायचा म्हणे, सव्वातीनचे पाच करून देणारा. गेलो दुकानात, सौ. बरोबर. दुकानदार विचारतो, "एका बाजूने चालणारा देऊ की दोन्ही बाजूंनी?" मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "अहो, दोन्ही बाजूंचाच घ्या, कधीतरी उपयोगी पडतो." आमच्याकडे ही रीतच आहे. चादर दोन्ही बाजूंची, रेनकोट दोन्ही बाजूंचा, कुणी दोन्ही बाजूंनी लिहिणारं पेन विकलं तर तेही घेऊ.

लावला. बेल दाबली. पहिला दिवा हिरवा, दुसरा जांभळा, बाकीचे ज्याच्या त्याच्या मर्जीने. बाबा वर बघून म्हणतात, "इथे दुकान टाकतोयस का रे?"

परत दुकानात. तो विचारतो, "तुमचे दिवे उलट काही सांगणार आहेत का बोर्डाला?" म्हटलं, "नाही हो, दिवे काय सांगणार." "मग दोन्ही बाजूंचा कशाला घेतलात? तो हळू चालतो, या पट्टीला सिग्नल फार भराभर लागतो. एका बाजूचाच हवा." म्हटलं, मग आधी का नाही बोललात? तर शांतपणे म्हणतो, "वहिनींनी ठरवलं होतं ना." त्याचं तरी काय चुकलं? मीही घरी तेच करतो.

तर एका बाजूचा आणला, आणि लागले की हो दिवे, अख्खी पट्टी, पांढरीशुभ्र! मलाच भरून आलं. बाबा तर मला दाराबाहेर पाठवून पुन्हापुन्हा बेल दाबायला लावत होते.

आणि काल ताई आली, बाबांना आधी कळवलं होतंच. मी मुद्दाम तिच्याबरोबर दाराशी उभा, छाती फुगवून. तिने बेल दाबली. दार बंद. पुन्हा दाबली. बंद. ताईने माझ्याकडे असं पाहिलं... माझ्या डोळ्यांपुढे अख्खं सर्किट फिरलं. शेवटी माझ्या किल्लीने दार उघडलं, आत धावलो. बघतो तर छतावर दिवे झगझगतायत आणि बाबा त्यांच्याखाली पांघरूण छातीशी धरून बसलेत.

"बाबा, दिवे दिसले नाहीत?" मी हातवारे करून विचारलं.

"दिसले की. झकास लागतात," बाबा कुजबुजले. आता ऐकू न येणारा माणूस कुजबुजतो म्हणजे चार घरं ऐकतात. "म्हणून तर उघडलं नाही. ताई आहे ना? मला न्यायला आलीय. गेली का रे ती?"

ताई माझ्या मागेच उभी होती.