अब्बूंनी लूम बंद केले नाहीत

तुम्हाला काय वाटतं, जिनिव्हाची इंटर्नशिप मला मार्कांवर मिळाली? अरे, व्हिडिओवर मुलाखत होती आणि आमचं घर अब्बूंच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली नुसता खडखडाट. मी अब्बूंना म्हटलं, "अर्धा तास लूम बंद ठेवा ना, मानवाधिकारांची मुलाखत आहे."

अब्बू म्हणाले, "कामगार विणलेल्या कापडाच्या मीटरवर कमावतात, बेटा. तुझ्या मानवाधिकारांसाठी त्यांची मजुरी बुडवू?"

लूम चालूच. मी सगळी उत्तरं ओरडून दिली. शेवटी तिकडच्या मॅडमनी विचारलं, "हा आवाज कसला?" म्हटलं, आता लपवायचं काय, आणि अब्बूंचं बोलणं जसंच्या तसं सांगून टाकलं.

 मॅडम म्हणाल्या, "तुझ्या वडिलांनी का नाही केला अर्ज?"