तीन वाजताची थंडी

...आणि वर मलाच विचारतात, "वळखलंस का?" अहो, कसं ओळखणार? चोवीस वर्षं म्हणजे काय थोडी झाली? रोह्याची अष्टमी, आमचं गाव, सोडून मी इस्रायलला गेलो तेव्हा ह्या सखाच्या कपाळावर झुलपं होती. गावी परत आलो तर उभा समोर, टक्कल, गुडघ्यापर्यंत शेतातला चिखल. "नथ्या, वळखलंस का?" मी आपलं अंदाजानं म्हटलं, "महिपती ना?" झालं! महिपती वारला म्हणे एकोणऐंशी साली! शेजारच्या सखाला, ज्याच्याबरोबर कुंडलिकेत डुंबून सगळं बालपण काढलं त्या सखाला, मी मेलेल्या माणसाच्या नावानं हाक मारली. हसला बिचारा... पण दोन पावलं मागं सरकला, तुम्हाला सांगतो.

मी आलो होतो फ्लोराताईला न्यायला. माझी थोरली बहीण. आळीत एके काळी अकरा घरं आमच्या यहुदी लोकांची, आता शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा दिवा लागतो तो तिच्या एकटीच्या घरात. म्हटलं, ताई, चल इस्रायलला, लोदला माझ्याकडं, नळाला गरम पाणी, खाली दवाखाना. "नाय." अगो, पासपोर्टचा फॉर्म आणलाय! "नाय." अगो पण का नाय? तर म्हणते, "तिथं मला वळखतंय कोण?" आता हे काय कारण झालं? न्यायचीच होती मला, तिच्याशिवाय परत जायचं नाय असं ठरवूनच विमानात बसलो होतो, म्हणून तिला घाबरवायला म्हटलं, "ताई, इथं डास किती! मलेरिया होईल एखाद्या दिवशी!"

झाला! पंधराव्या दिवशी, दुपारी तीनच्या ठोक्याला... मला!

थंडी, पण कसली थंडी? दात वाजतायत, खाट वाजतेय, खाटेखालचा तांब्या वाजतोय! ताईनं तीन गोधड्या घातल्या, गोधड्यांवर सखाला बसवला, तरी आमचं आपलं लटलट लटलट चालूच. आणि मग... पायाशी कुणीतरी बसलं. सखा नाय हो, सखा तर छातीवर होता! पायाशी, हलकं. लहानपणी दर पावसाळ्यात मला हीव भरायचं, तेव्हा आई बसायची ना, पावलं मांडीवर घेऊन... तसं. आई जाऊन तीस वर्षं झालीयत. वाकली नि म्हणाली, "नथू, वळखलंस का?"

ओळखली! एका क्षणात ओळखली! जिवंत माणूस एक ओळखू येईना मला, आणि ही...

दुसऱ्या दिवशी मी ठणठणीत. इतक्या खाल्ल्या की भाकऱ्या मोजायच्या सोडून दिल्या मी. ताईला सांगितलं, आई आली होती. ताई भांडी घासत होती, तिचा हात थांबला. "माझ्याकडं एकदा नाय आली रे," म्हणाली. "इतकी वर्षं दार उघडं ठेवून बसलेय." आणि पुन्हा घासायला लागली.

बरं, भाऊ उठला म्हणून तिनं लगेच नवस फेडायला काढला. एलियाहू हन्नाबीचा, आमच्या प्रेषिताच्या नावाचा मलिदा. पोहे, खोबरं, गूळ, केळी सगळं तयार, पण दुआ म्हणायला दहा पुरुष हवेत हो, दहा! आणायचे कुठून? पेणहून दुआ म्हणणारे सामाजीकाका निघाले, वय ऐंशी, वडखळला एस्टी बंद पडली. मलिदा गेला पुढच्या दिवसावर. आणि पुढच्या दिवशीही आसपासच्या गावांतनं जमले किती? नऊ! मग दहावा कोण? मी! पेशंट!

बसलो टोपी घालून. सामाजीकाकांनी दुआ काढली, भिंतीवरच्या घड्याळात पडले तीन, आणि मी 'आमेन' म्हणायला तोंड उघडलं तर... दातच टकटकटकटक! सामाजीकाका गहिवरले, "बघा रे, परदेशात राहून भक्ती कशी टिकवलीय पोरानं! अंग अंग थरथरतंय!" अहो भक्ती कसली, थंडी! पण मला बोलता येतंय कुठं? आणि तेवढ्यात दारातनं यायला लागले. अकरावा आला, बारावा आला... आळीतले सगळे, गेलेले सगळे, महिपतीसुद्धा, आमच्या लोकांतला नसूनही आला! ओट्यापर्यंत दाटी! प्रत्येकजण वाकून विचारतोय, "वळखलंस का?" आणि मी एकेकाला नावानिशी हाक मारतोय. इकडं सामाजीकाका डोळे पुसतायत.

शेवटी सखानं मला उचलून डॉक्टर दिनानाथांकडं नेलं. नवीनच दवाखाना त्यांचा. बोट टोचलं, काच पाहिली, "मलेरिया." मी म्हटलं, "अहो, लहानपणी इतक्यांदा झालाय की! आणि ह्या सखालाही तेच डास चावतात, त्याचं अर्धा दिवस अंग मोडून आलं, चहा प्यायला नि शेतावर गेला. मग मलाच का?" डॉक्टर खूश! असा प्रश्न त्यांना रोह्यात कुणी विचारलाच नसावा. कागद ओढला, गोल काढायला लागले. "काका, रक्तात टी पेशी म्हणून असतात. त्या तुमच्या राखणदार. जंतू आधी लिव्हरमध्ये शिरून लपतो, तर काही टी पेशी तिथं जाऊन तो ज्या पेशीत लपलाय ती पेशीच मारतात. काही नुसत्या ओरडतात, 'आला, आला', मग बाकीच्या पेशी धावतात. लढाई संपली की थोड्या मागं राहतात, आठवण ठेवायला. पण काका, आठवणीला उजळणी लागते! सखाकाकांची दर पावसाळ्यात होते. तुमची चोवीस वर्षांत झालीच नाय. राखणदार कमी कमी होत गेले... त्यांनी ओळखलाच नाय त्याला."

म्हणजे बघा! माझं रक्तसुद्धा! मलेरिया दारात उभा, "काय नथू, वळखलंस का?" आणि माझे राखणदार म्हणतायत, "आपण कोण? या, बसा!"

गोळ्या घेतल्या, ताप गेला, आई गेली. लिव्हरमध्ये झोपून राहिलेल्या जंतूंसाठी डॉक्टरांनी वेगळ्या गोळ्या दिल्या होत्या, त्या राहिल्या ताईच्या खिडकीत... विसरलो म्हणा. स्टँडवर ताईला शेवटचं विचारलं. म्हणाली, "तुझ्या रक्ताला वळख राहिली नाय, नि मला चल म्हणतोस? आई आली नि दार बंद दिसलं तर?" एकटाच परत आलो. रडलो विमानात, लाजायचं काय त्यात.

आणि आठ महिन्यांनी, लोदमध्ये, भर उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता... थंडी! पायाशी आई! जी बाई जन्मात पेणच्या पलीकडं गेली नाय ती! पण ह्या खेपेला अर्धा तासच. जेमतेम गोधडीवर हात ठेवला तिनं, विचारायलाही वेळ नाय. रशियन डॉक्टरीण, तिनं मलेरिया फक्त पुस्तकात पाहिलेला, हात हातात घेऊन म्हणते, "अभिनंदन! आता तुमच्या टी पेशी ओळखायला लागल्यात त्याला!" आणि समोर उभी राहून तिनं त्या दुसऱ्या, लिव्हरवाल्या गोळ्या गिळायला लावल्या. रोज.

तिसऱ्या दिवशी, एक दिवसाआडच्या पाळीला, गोधडी घेऊन बसलो. तीन वाजले. सव्वातीन. साडेतीन... बायको म्हणते, वेड लागलंय का, एवढ्या उकाड्यात?

संध्याकाळी सखाच्या घरी फोन लावून ताईला बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. म्हटलं, "ताई, आता मी पूर्ण बरा झालो." ताई हळूच म्हणाली,

"अरेरे."