आल्याचं सरबत, ६ ता.

...आणि वर लेक मला विचारते कशी, "बाबा, आज भोपळा उकडू या की भाजू या?" अहो, याला काय निवड म्हणतात? पण तक्रार नाही हं माझी, नुसतं सांगतोय!

चार महिने झाले. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "आजपासून दारूचा एक थेंब नाही." मी म्हटलं, "आणि शनिवारी?" म्हणाले, "तुमचा शनिवारही आजपासून बंद." झालं! माझी लेक हॉस्पिटलात नर्स, तिला तेवढंच निमित्त हवं होतं. दोन दिवसांत वही तयार! काकडी-पुदिन्याचं पाणी, बीट-गाजराचा रस, डाळिंबाचा रस सोडा घालून, मसुराचं सूप, भाजलेल्या भाज्या... वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "करायचंही तुम्हीच, बाबा. हात कामात राहिले की मन तिकडे जात नाही." तीस वर्षं छापखान्यात अक्षरं जुळवली हो मी, आणि आता बीट किसतोय! आमची ही म्हणते, "पूर्वी बोटं काळी व्हायची, आता लाल होतात, साबण तेवढाच लागतो."

पण तुम्हाला सांगतो, खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. सकाळी डोकं जागेवर असतं, कडकडून भूक लागते, आणि माझं मसुराचं सूप, लसूण परतून, वर मिरपूड आणि लिंबू... शेजारची बाई पातेलं घेऊन येते! तक्रार नाही माझी, नुसतं सांगतोय.

तर त्यात लेकीचं लग्न ठरायला आलं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, राहिले फक्त मुलाचे वडील. ते हेडमास्तर! आयुष्यात दारूला शिवले नाहीत, आणि अट एकच, "ज्या घरात बाटली, त्या घराशी सोयरीक नाही." माझे जुने शनिवार त्यांच्या कानावर गेलेले, म्हणून म्हणाले, सहा तारखेला जेवायला येतो, घर बघतो. लेक माझ्याजवळ येऊन बसली. एरवी हुकूम सोडणारी पोर, त्या दिवशी हळूच म्हणाली, "बाबा, मला तो हवाय हो." म्हटलं, असं जेवण करतो की हेडमास्तर ताट चाटतील!

वही उघडली. आल्याचं सरबत. किसलेलं आलं, सालासकट सफरचंद, लिंबू, साखर, पाणी, सगळं बरणीत घालायचं, तोंडाला फडकं बांधायचं, आणि ठेवायचं, "६ ता." त्या दिवशी होती अठ्ठावीस. मी म्हटलं, वा! पोरीनं पाहुण्यांची तारीख धरून वहीत नवी कृती घातलीय! ठेवली बरणी उबेला, खिडकीत, लेकीला न सांगता पडद्याआड. मधेमधे बुडबुडे यायचे, तर मी हिला सांगतोय, "बघ, सोडा न घालता सोडा!"

सहा तारीख. मला ही सर्दी! नाक गच्च, वास नाही, चव नाही. लेकीचा हुकूम, "तुम्ही गार काही प्यायचं नाही, फक्त सूप." हेडमास्तर एकटेच आले. सरबत खास त्यांच्यासाठी, घरात कुणी चाखलंही नव्हतं. गळ्यापर्यंत बटणं, चेहरा परीक्षेच्या पेपरसारखा. पहिला ग्लास प्याले. "हं. छान आहे." दुसरा प्याले. वरचं बटण उघडलं. तिसऱ्याला म्हणाले, "मी तुम्हाला एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवतो! एकोणतीस सक... एकोणतीस सत्ते... अहो जाऊ द्या, सगळे आकडे आपलेच!" लेक माझ्याकडे बघून खुदकन हसली, मी खूश, म्हटलं जिंकलं मैदान, आणि सुपाचा मोठा घोट घेतला. मिरपूड जरा जास्त पडली होती. फाडकन नाक उघडलं... आणि आला की वास!

तो वास मी विसरेन? तीस वर्षांची ओळख!

आता बोला! सांगितलं, तर कोण विश्वास ठेवणार? माझ्यासारख्यानं घरात दारू केली आणि हेडमास्तरांना पाजली! नाही सांगितलं, तर सोयरीक पक्की, पण त्या भल्या माणसाचा जन्माचा नेम माझ्या हातून मोडला, आणि मी समोर बसून हसतोय. लेकीकडे बघवेना. उठलो, सरबताचा जग उचलला, म्हटलं, "हेडमास्तर, माफ करा. हे आंबलंय. चढणारं झालंय. चूक माझी."

लेक पांढरीफटक. "बाबा, किती वेळ ठेवलं होतंत?"

"तू लिहिलंस तसं, सहा तारखेपर्यंत!"

"सहा तास, बाबा! ता. म्हणजे तास! आमच्या औषधांच्या कागदावर असंच लिहितात!"

"अगं, हजारो पत्रिका छापल्यात मी! ता. म्हणजे तारीख!"

हेडमास्तरांनी हात वर केला. "वही आणा." आणली. खिशातून लाल पेन काढलं, त्या ओळीखाली रेघ मारली, म्हणाले, "संदिग्ध. दोघांचा अर्धा अर्धा गुण कापतो." मग पेनाला टोपण लावून माझ्याकडे वळले. "गप्प बसला असतात, तर मला कळलंसुद्धा नसतं. पोरीचं लग्न पणाला लावून खरं बोललात. अशा घरात सोयरीक नाही करायची, तर कुठे करायची?"

मी चाचरत म्हटलं, "पण तुमची अट..."

"अट बाटलीची होती," हेडमास्तर म्हणाले, "ही बरणी आहे."

लेक रडली, मी रडलो, ही सूप वाढत रडली. तक्रार कसली हो, सगळं छान झालं!

फक्त लग्नाची सगळी सरबतं मीच करायची, असं व्याह्यांनी ठरवलंय, आणि चव बघायला म्हणून दर शनिवारी येतात. मी घड्याळ लावून सहा तासांचं करतो, गाळतो, पुढे ठेवतो. ते ग्लास नाकाशी नेतात, एक घोट घेतात, जरा वेळ थांबून बघतात... आणि चेहरा इतका पाडून म्हणतात, "आजही ताजंच आहे वाटतं?"