तेवीस फॉर्म

पन्हाळ्याच्या कॉम्प्युटर दुकानात नंबर लावून थांबलो हुतो. तेवढ्यात बचत गटाच्या रशिदाभाभी लॅपटॉप उघडाच धरून दुकानदार वसीमच्या म्होरं आल्या.

"वसीम, ह्यो सारखा वराडतोय, लई टॅब उघडल्यात म्हणून. गप कर की ह्याला."

"तेवीस हायत भाभी! बंद करतो."

"आरं, हात लावू नगंस! तेवीस बायकांचं शिलाई मशिनचं फॉर्म हायत ते."

"भरल्यात न्हवं? मग उघडं कशाला?"

"पंचायतीत टेबलावर उघडंच असत्यात की, सायेब बघंपर्यंत. आठ दिस झाकला न्हाय मी लॅपटॉप. भाकरी थापाय उठले तर गटातल्या बाळाबाईला राखणीला बसवायची."

"खालचं 'सबमिट' दाबलं हुतं?"

"ते सायेबानं दाबायचं न्हवं?"

"या अल्ला! भाभी, एकबी फॉर्म गेला न्हाय."

"काय बोलतोस! मग दाब की आता!"

"दाबलं. आठ दिस उघडं ऱ्हायलं म्हणून येळ संपली, परत पयल्यापासनं भरा म्हणतोय. आन् मुदत आज पाचची."

"आता किती वाजलं?"

"अडीच."

भाभींनी फोन कानाला लावला.

"बाळाबाई, समद्यास्नी आधार कार्ड घिऊन हिकडं पळत आण. पिठाचं हात असू देत तसंच!"