गोसारीची जागा

जेजू बेटावरच्या दवाखान्यात ह्येजा आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. शेजारी पाय मुरगळलेली एक म्हातारी आणि तिची सून. नेच्याचे कोवळे कोंब, म्हणजे गोसारी, खुडायला गेलेली म्हातारी काल धुक्यात वाट चुकली होती.

“मान खाली घालून खुडत गेले, वर बघते तर डोंगरच गायब!”

“रडत होतात तुम्ही, आई.”

“धुकं गेलं होतं डोळ्यांत. पण तू नेमकी तिथे कशी पोचलीस? ती जागा मी पोटच्या पोरालाही सांगितलेली नाही.”

“तीन वर्षं तुमच्या मागून येतेय. तुम्ही परतलात की राहिलेले कोंब खुडते.”

“म्हणजे पितरांच्या ताटातली ती मऊ गोसारी, बाजारातून आणली म्हणालीस ती?”

“तुमच्याच जागेतली.”

“चोरटी कुठली!”

“हो, आई.”

“उकळून रात्रभर भिजत ठेवतेस ना? नाहीतर कडू राहते.”

“तुमचं बघूनच शिकले.”

ह्येजाचा नंबर पुकारला, तरी ती उठेना.

म्हातारीने सुनेचा हात घट्ट धरला. “पाय बरा होईस्तोवर तू एकटी जा. पण तुझ्या जावेला पत्ता लागू देऊ नकोस.”