रंगपंचमीला घालायला काही नाही

अरे यार, तो कॅप्सूल वॉर्डरोब करायचा असेल ना, तर इंदूरमध्ये नको करू. मी केला. मतलब मोजकेच कपडे, सगळे फिक्के, कशावरही काहीही घाला. बाकी सगळी अलमारी बर्तनवालीला देऊन टाकली आणि बदल्यात एक कढई घेतली.

मग आली रंगपंचमी. खाली माझा दोस्त पिंटू बाइकवर बसून ओरडतोय, "भिया, जल्दी! रंगाची गेर निकल जाएगी!" गेर मतलब आमची रंग उडवत निघणारी मिरवणूक. आणि मी अलमारीसमोर उभा. खराब करायला घरात माझा एकही जुना कपडा नाही.

"आई, काय घालू?"

"कढई घाल."

तेवढ्यात बाबा आतून क्रीम रंगाचा सफारी सूट घेऊन आले. डांबरगोळ्यांचा वास. त्यांच्या लग्नाच्या रिसेप्शनचा.

"बाबा, हा नाही. खराब होईल."

"एकदाच घातला रे. मग पोट निघालं. बिचाऱ्याने बाहेरचं काय पाहिलं?"

घातला, तर मला एकदम फिट. पण दारापर्यंत गेलो आणि पायच निघेना. म्हटलं, "राहू दे बाबा, पिंटूला सांगतो, तू एकटाच जा म्हणून."

बाबांनी देवघरातून गुलाल आणला आणि पाचही बोटं माझ्या छातीवर उमटवली.

"घे, झाला खराब. आता जा."

मी निघालो, तर मागून आई धावत आली. गुलालाचा हात पाठीवर थापत म्हणाली, "थांब रे! रिसेप्शन काय एकट्या यांचंच होतं?"